तीन नंबरची पीन

अण्णा गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तीन नंबरचं मशीन हँग झालं.

कळंबला आमच्या आडतीच्या जुन्या गोदामात मेहता साहेबांची क्रिप्टो मायनिंगची सहा मशिनं आहेत. कॉम्प्युटरच्या जगातल्या पैशासाठी ती अखंड गणितं सोडवतात, तापतात आणि मधेच गप्प होतात. मग वीज तोडायची, थोडं थांबायचं, परत द्यायची. याला रिबूट म्हणतात. मी पुण्यात स्क्रीनवर लक्ष ठेवायचो आणि वडिलांना फोन करायचो. "अण्णा, तीन नंबर." "करतो." आमचं बोलणं बहुतेक एवढंच असायचं.

त्यांच्यानंतर, तेराव्याच्या आतच, मी गोदामात रिमोट पॉवर बोर्ड बसवला. प्रत्येक सॉकेट मोबाईलवरून बंद-चालू होतं. आईला काही करायचं नव्हतं. पण पुण्याला यायलाही ती तयार नव्हती. "मशिनी हायेत तवर राखायला मी हितंच," असं तिनं सांगून टाकलं होतं. मशिनं गेली, की तिचं कारणही जाणार होतं.

पुण्याहून मी तीन नंबर ऑफ केलं, ऑन केलं. ॲपमध्ये सॉकेट हिरवं, मशीन मेलेलं. दुसऱ्या दिवशी पाच नंबरचंही तसंच झालं.

मेहतांचा फोन आला. "वडील होते तेव्हा मशीन लगेच उठायचं. हा बोर्ड इम्पोर्टेड आहे ना?"

"हो सर."

"मग?"

"बघतो सर."

"सोमवारपर्यंत बघा. नाहीतर टेम्पो पाठवतो, सगळी मशिनं उचलतो."

शनिवारी एसटीनं कळंब गाठलं. तीन आणि पाच नंबरच्या पिना खाली लोंबत होत्या. मी त्या खोचल्या. मशिनं सुरू झाली. आई शेजारी बाजेवर तूर निवडत होती. बोर्ड तपासायला मी मोबाईलवर तीन नंबर ऑफ केलं. मशीनचा दिवा विझला. आईनं सूप खाली ठेवलं, उठली आणि पीन उपसली.

"आई! पीन का काढलीस?"

"लाईट गेली की."

"गेली नाही. मी इथून बंद केलं."

"त्या दिव्याला काय ठावं, कुणी बंद केलं? तुज्या अण्णांनी सांगून ठिवलंय. दिवा इझला की पीन काढायची. लाईट येताना व्होल्टेज लई येतंय. आपला टीव्ही तसाच जळाला न्हवं?"

"मग परत का घातली नाहीस?"

"पंखा सुरू झाला की घालायची."

मी वर पाहिलं. "पंखा तर फिरतोय!"

"व्हय. थांबलाच न्हाय, तर सुरू कवा व्हणार?"

आमच्या कामात याला डेडलॉक म्हणतात. दोन्ही बाजू एकमेकींची वाट बघत अडकून बसतात. पुस्तकात वाचला होता, बाजेवर पहिल्यांदा पाहिला.

"आता पंखा थांबला तरच पीन काढ," मी म्हणालो.

ती पदरानं पीन पुसत राहिली. "म्हंजी अण्णांचं मोडायचं?"

"बरं, राहू दे. बंद करायच्या आधी मी फोन करत जाईन. तेव्हा काढू नकोस."

"आरं, फोनच करायचा, तर म्याच करते की बंद-चालू. तुजा बोर्ड कशाला?"

सोमवारी टेम्पो आला नाही.

नवी यंत्रणा बसवण्याआधी जुनी कुठल्या नियमानं चालते, ते घरात विचारून घ्यावं. बोर्ड माळ्यावर आहे. मशिनं सहाही चालू आहेत. मी फोन करतो, "आई, तीन नंबर." ती म्हणते, "करते."