म्हशीच्या कानातला लाल दोरा

प्रिय ईशा आणि निखिल,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ईशाने मला स्वेटरवाल्या आजीचं गाणं म्हणायला सांगितलं, आणि मी 'नेटवर्क खराब आहे' म्हणून फोन ठेवला. नेटवर्क चांगलं होतं. मी तुमच्याशी खोटं बोलले. म्हणून आज हे लिहिते आहे, आणि सवयीप्रमाणे क्रमाने लिहिते.

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. वर्गात कोणी झपाटल्याच्या गोष्टी काढल्या की मी त्याला फळ्यावर दहा स्पेलिंगं लिहायला लावायची.

पेमाबाई नऊ हिवाळे आपल्या मागच्या खोलीत राहिल्या. दिवाळी झाली की हिंगोलीत स्वेटर विकायला यायच्या. गावातले लोक त्यांना नेपाळी म्हणत. त्या खरं म्हणजे तिबेटच्या ड्रोक्पा... याक आणि मेंढ्या घेऊन चाऱ्यामागे फिरणारे, याकच्या केसांच्या काळ्या तंबूत राहणारे लोक. सात-आठ वर्षांच्या असताना आईबापांबरोबर बर्फातून चालत भारतात आल्या. पुढचं आयुष्य कर्नाटकातल्या वसाहतीत, मक्याच्या शेतात गेलं.

आपणही लमाण. आपले पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ वाहायचे, हे सांगितलं तेव्हा त्या डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. "आमचा मेंढी पण मीठ न्यायचा. तुझा माझा एकच धंदा, मॅडम. आता तू ग्रामर विकते, मी स्वेटर." स्वेटर लुधियानाचे असत. गिऱ्हाइकाने हिमालयातली लोकर का म्हणून विचारलं, की त्या नुसती मान डोलवायच्या.

रोज सकाळी ओट्यावर घड्या घालताना त्या एक गाणं म्हणत. धारेचं गाणं. मादी याकला त्यांच्यात ड्री म्हणतात; ड्री आटली, पान्हा चोरायला लागली, की तिच्याजवळ बसून ते म्हणायचं. त्यांना आईने शिकवलेलं. त्यांच्या मुलाला ते येत नव्हतं, आणि परदेशातल्या नातवंडांना तर भाषाच येत नव्हती. तिकडे मागे राहिलेले चुलतभाऊ आता रांगेत बांधलेल्या घरांत राहतात, जनावरं विकून टाकली. "गाणं माणसाचा नाही," पेमाबाई म्हणायच्या. "जनावराचा आहे. जनावर नाही, तर गाणं कुठे राहणार?"

गेल्या हिवाळ्यात त्या आल्या तेव्हा ओट्याच्या तीन पायऱ्या चढतानाही थांबत होत्या. म्हणाल्या, एक जनावर पाहिजे. त्यांच्यात रीत आहे : एखादं जनावर जन्मभरासाठी सोडवायचं आणि कानात लाल दोरा बांधायचा. मग ते कोणी विकत नाही, कोणी कापत नाही. अशा एका जनावराला त्यांना गाणं देऊन ठेवायचं होतं. बस, एवढंच.

मी त्यांना साखऱ्याजवळच्या आपल्या तांड्यावर नेलं. तुमच्या सुभाषमामाकडे एक भाकड म्हैस होती, काळी, म्हातारी, कोणालाच जवळ येऊ न देणारी. पेमाबाई तिच्या पायाशी बसल्या आणि गायला लागल्या. म्हशीने मान त्यांच्या खांद्यावर टाकली. त्यांनी आचळाला हात लावला, तर चार धारा आल्या. सुभाष म्हणाला, "आत्या, आठ म्हयने झाले, थेंब न्हाई दिला हिनं." ढोरांचा डॉक्टर म्हणतो, होतं असं कधीकधी. ते मी मान्य करते.

सुभाषने म्हैस मरेपर्यंत सांभाळायचं कबूल केलं. पेमाबाईंनी स्वेटरची लाल लोकर उसवली आणि म्हशीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याला बांधली. गाठ सुटू नये म्हणून दोरा मीच धरला होता.

पुढच्या मंगळवारी सकाळी मी चहा घेऊन त्यांच्या दुकानावर गेले. त्या गात होत्या, आणि अर्ध्या ओळीवर थांबल्या. माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, पुढे काय?"

मी सांगायला तोंड उघडलं. नऊ हिवाळे रोज ऐकलेलं गाणं... आणि काही नाही. पुढची ओळ नाही, मागचीही नाही. सूर कुठून सुरू व्हायचा तेही नाही. आम्ही दोघी म्हाताऱ्या स्वेटरांच्या ढिगाऱ्यावरून एकमेकींकडे बघत राहिलो. घड्याळ बघायची मला सवय आहे. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. मग पेमाबाई खाली बसल्या आणि म्हणाल्या, "ती गेली."

एक वाजता सुभाषचा फोन आला. तांड्यातून दोन जनावरं घेतलेल्या व्यापाऱ्याचा माणूस टेम्पो घेऊन आला होता, आणि सुभाषची म्हैसही भरून घेऊन गेला. अकरा वाजून गेल्यावर टेम्पो निघाला. "मी शेतात व्हतो आत्या. कानात लाल दिसलं, म्हणून नेली त्यानं. घरी बायकोला बी वाटलं, खूण हाय म्हंजे सौदा झाला असंल." मग म्हणाला, "सौदा झालेल्या ढोराला लाल बांधतेत, तुमाला म्हाईत नव्हतं व्हय?"

मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. दोरा धरताना ते मला आठवलं नाही.

सुभाष व्यापाऱ्याकडे गेला, बाजारही पालथा घातला. म्हैस तिथूनही पुढे विकली गेली होती.

पेमाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "तुमच्यात लाल म्हणजे विकला?" मी हो म्हटलं. बराच वेळ त्या बोटाला लोकर गुंडाळत राहिल्या. "तिकडे पण आता तसंच असेल," म्हणाल्या. दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

डॉक्टर म्हणाले, वय आहे, मेंदूतली एखादी बारीक रक्तवाहिनी. त्यांचं असेल. माझं काय? मला त्यांनी तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी सगळं बरोबर सांगितलं. माझ्या याडीची, म्हणजे आईची, आपल्या गोरमाटी बोलीतली गाणी मला पाठ आहेत, शाळेतल्या इंग्रजी कविता आहेत. नेमकं तेवढंच गेलं, आणि दोघींचं एकाच मिनिटाला गेलं. ह्याचं स्पष्टीकरण मला सापडलेलं नाही. ईशा, तू दोन वर्षांपूर्वी ते ऐकलंस. तुलाही येत असतं तर मला विचारलं नसतंस.

फोन हातात होता, पण मी कधी रेकॉर्ड केलं नाही. लिहिलेलं टिकतं असं मी जन्मभर पोरांना शिकवलं, म्हणून पेमाबाईंकडून नुसते शब्द लिहून घेतले होते.

पेमाबाई संक्रांतीआधीच परत गेल्या. या वर्षी आल्या नाहीत. मुलगा सांगतो, उन्हात बसतात, सगळ्यांना ओळखतात, गात नाहीत.

माझ्या कपाटातल्या वहीत गाण्याच्या बारा ओळी आहेत, माझ्या अक्षरात, खाली अर्थासह. चाल नाही.

— तुमची आजी