एका पोटात तीन काढे

दोन आठवड्यांपूर्वीचा सोमवार. अलिबागला ह्यांच्या आतड्याची कॅमेऱ्याची तपासणी होती आणि मी बाहेर बाकड्यावर बसून होते.

सव्वा महिना ह्यांचे जुलाब थांबत नव्हते. ट्रक दारात उभा, माणूस अर्धा झालेला... आमचे मोठे दीर ह्याच वयात आतड्याच्या कॅन्सरनं गेले. घरात कुणी तो शब्द काढत नव्हतं, पण सगळ्यांच्या मनात तोच.

डॉक्टरीण तरुण पोरगी. म्हणाली, "काकी, आतडं साफ आहे. गाठ नाही, जखम नाही." मी म्हटलं, परत एकदा बोला. ती परत बोलली.

मग तिनं विचारलं, औषध काय घेतात. मी ठणकावून सांगितलं, काही नाही. "काढा, रस?" तर म्हटलं, तो झाडपाला हो, ते काय औषध आहे? शुगर काठावर आली म्हणून रोज सकाळी कडुलिंब-कारल्याचा रस मीच देते.

तेवढ्यात हे हळूच म्हणाले, "आणि दुपारी वहिनीचा कोरफडीचा."

कसला?

"आणि गाडीवरच्या दोस्तानं हिरड्याच्या अर्काची बाटली दिलीय... ती रात्री."

म्हणजे एका पोटात तिघांचा कारभार, आणि कुणाला कुणाचा पत्ता नाही! वर पोट चालायला लागलं तसा, रसानंच बरं वाटेल म्हणून, मी अर्ध्या पेल्याचा पूर्ण पेला केला. जावेनंही वाढवला. मी विचारलं, तोंड शिवलं होतं का तुमचं? तर म्हणे, "तुम्ही एवढ्या मायेनं देता..." माया कसली, मी दरडावून पाजत होते.

डॉक्टरीण म्हणाली, पोटात आपले चांगले जंतूही असतात, अन्न पचवायला लागतात. अर्क थोडा असला तर त्यातल्या काहींना तो मानवतो, कडक झाला तर त्यांचीच घडी मोडते. कोरफड-हिरडा तर पोट ढिलंच करतात. नक्की ह्यानंच झालं असं नाही म्हणाली... सगळं बंद करून बघू, एवढंच. मला आपलं कळलं ते असं, तणनाशक जास्त पडलं की भातही जळतो.

तिन्ही बंद. नुसती पेज, मऊ भात, ताक. आठव्या दिवशी पोट ताळ्यावर आलं. काल ट्रक घेऊन दिघीला गेले.

त्या सोमवारी घरी आल्या आल्या जावेला झापणार होते. पण ती दारातच उभी होती. नवरा गेल्यापासून बाई कधी माझ्यासमोर रडली नव्हती. म्हणाली, "गाठ नाही ना गं? नक्की ना?" झापायचं राहिलंच, तिला हाताला धरून आत नेलं आणि सांगितलं, नक्की.

तुम्हाला सांगते, डॉक्टरनं विचारलं तर झाडपालाही सांगा, लाजू नका.

जाऊबाई अजून रोज विचारतात, नक्की ना? एरवी एक गोष्ट दोनदा सांगायची वेळ आली की माझं डोकं फिरतं... पण ही गोष्ट मी शंभरदा सांगेन. नाही गं बाई, गाठ नाही.