डोईफोडेंच्या हॉलमध्ये वाजलेली मुलाखत

कप आधी खाली ठेवा. पुढचं ऐकताना ठसका लागला तर जबाबदारी माझी नाही. बातम्या लिहून लिहून माझे केस पांढरे झाले. भर पत्रकार परिषदेत भल्याभल्यांना मी घाम फोडलाय. पण माझा घाम काढला तो एका स्पीकरनं!

आमची सोसायटी पडेगावच्या बाजूला. नळाला पाणी कधी येतं, हे तुम्हाला काय सांगायचं, शहर आपलंच आहे. आलं की खालच्या हौदात साठतं आणि पंपवाला एकेका फ्लॅटच्या टाकीत पाळीनं सोडतो. पण भर दुपारी, कुणाचीच पाळी नसताना, पंप घुरघुरायचा. कुणासाठी? समोरच्या दारातले डोईफोडे, सोसायटीचे सेक्रेटरी! त्यांच्या बाल्कनीत गुलाब होते, आणि उन्हाळ्यात ते टवटवीत होते. आणखी काय पुरावा पाहिजे?

मी पंपवाल्याला गाठलं. फुलंब्रीकडचा माणूस. नाव आजही सांगणार नाही, सोर्स आहे. "साहेब, माझी नोकरी जाईल," तो म्हणाला.

"माझ्या तोंडून आजवर एकाही माणसाचं नाव फुटलेलं नाही!" मी छातीवर हात ठेवला आणि फोनवर मुलाखत रेकॉर्ड केली.

आता स्पीकरकडे वळतो. माझ्या बायकोनं, मंगलनं, आणि डोईफोडे वहिनींनी सेलमध्ये एकाच कंपनीचा एकसारखा स्पीकर घेतला होता. इंटरनेटही दोन्ही घरांत मिळून एकच, राऊटर त्यांच्याकडे. डोईफोडेंशी माझं बोलणं बंद, पण इंटरनेट बायकांचं. त्याला हात लावायची माझी टाप नव्हती.

मी त्यात एका पेटीची भर घातली. छोटीशी पेटी. सगळी गाणी तिच्या पोटात भरायची, ती वायफायला जोडायची आणि फोनवरून हुकूम सोडायचा. मग पेटी स्पीकरवर गाणं वाजवते. दुकानदार म्हणाला, "जोडून द्यायला माणूस पाठवतो." मी म्हणालो, "अहो, मी पदवीधर आहे!"

पेटीत गाणी भरली, आणि ती मुलाखतही भरली. मुलाखत मोठ्या आवाजात, हॉलमध्ये फेऱ्या मारत ऐकायची, ही माझी जुनी सवय.

रविवारची सकाळ. डोईफोडेंच्या हॉलमध्ये सोसायटीची मीटिंग होती. मी अर्थातच बहिष्कार टाकलेला. म्हटलं, ते बसू देत भजी खात, आपण बातमी लिहू. फोनवर स्पीकरची यादी उघडली, तर तोच स्पीकर दोनदा! मी विचार केला, एक डावा असणार, एक उजवा. माझा उजवा कान बरा आहे, म्हणून खालचा निवडला.

आवाज नाही.

आवाज वाढवला. तरी नाही. आणखी वाढवला. शेवटी पार टोकाला नेला आणि स्पीकरच्या जाळीला कान लावून बसलो.

मंगल स्वयंपाकघरातून आली. "अहो, तुम्ही मीटिंगला गेला नाहीत ना?"

"नाही. का?"

"मग समोर तुम्हीच कसे ओरडताय?"

मी दार उघडलं. समोरच्या बंद दारातून माझाच खणखणीत आवाज येत होता: "हा डोईफोडे म्हणजे सोसायटीला लागलेली वाळवी आहे!"

पायाखालची फरशी सरकली. डोईफोडेंचं सोडा हो, त्यांना मी तोंडावरही वाळवी म्हणालो असतो. पण माझ्या धंद्यातली एक रीत असते. मुलाखत संपताना समोरच्याकडून त्याचं पूर्ण नाव, गाव आणि काम वदवून घ्यायचं, म्हणजे उद्या तो फिरला तर आपल्याकडे पुरावा. मी ही रीत कधी मोडत नाही. म्हणजे मुलाखतीच्या शेवटी तो बिचारा स्वतःच्या तोंडानं नाव सांगणार. सगळ्या सोसायटीसमोर!

फोन बंद केला. आवाज चालूच! वाजवत होती पेटी, फोन नुसता हुकूम सोडणारा. पेटीची वायर उपटली असती तर? हो, हे आज सुचतंय. तेव्हा मी आमचा टीव्ही बंद केला, मग पंखा, मग फ्रिजसुद्धा.

"फ्रिजनं काय केलं?" मंगलनं विचारलं.

मी डोईफोडेंची बेल दाबली. कोण ऐकतंय? दारावर बुक्के मारले. आतून माझा आवाज: "बोल, बिनधास्त बोल!" मग एक बारीक "व्हय साहेब, पर..." आणि लगेच पुन्हा मी.

"वहिनी, दार उघडा!"

दार उघडलं. हॉल गच्च भरलेला. सगळे भजी हातात धरून स्पीकरकडे बघत होते. आणि कोपऱ्यात चहाचा ट्रे घेऊन कोण उभं? माझा सोर्स! तोंड पांढरंफटक, ट्रेमधले कप खडखडतायत.

मी स्पीकरकडे झेप घेतली. डोईफोडे मधे आडवे आले. "थांबा हो! वाळवीला शेवटपर्यंत ऐकू द्या की."

"बंद करा ते! हा माझ्या खासगीपणावर हल्ला आहे!"

"हॉल माझा, स्पीकर माझा, शिव्या मला, आणि हल्ला तुमच्यावर? वा रे वा!"

तेवढ्यात स्पीकरमधून मी म्हणालो, "हां, आता शेवटचं. तुझं पूर्ण नाव सांग."

ट्रे खडखडायचा थांबला. मी डोळे मिटले.

"साहेब, माझं नाव..."

"थांब! नावावरून आठवलं," मी म्हणालो. स्पीकरमधला मी! आणि एका आमदारानं माझं नाव चुकीचं घेतलं तेव्हा मी त्याला कसं झापलं, हा प्रसंग सुरू झाला. मग दुसरा प्रसंग. मग तिसरा. मग फोनची जागा भरली आणि रेकॉर्डिंग तुटलं.

डोईफोडेंनी शांतपणे भजं तोंडात टाकलं. "मुलाखत कुणाची होती म्हणे?"

"माझीच!" मी ताठ मानेनं म्हणालो. अख्ख्या हॉलला ते लगेच पटलं.

सोर्स वाचला! मी बाहेर आलो, तर तो रिकामा ट्रे घेऊन मागोमाग जिन्यापाशी आला. म्हटलं, आता पाया पडतो की काय.

"साहेब, लई भारी बोलले तुम्ही. पर मला जे सांगायचं व्हतं, ते राहूनच गेलं."

"काय?"

त्यानं इकडंतिकडं बघितलं. "दुपारचं पाणी डोईफोडे साहेबांकडं जातच नाय. तुमच्या टाकीत जातं. मंगलवहिनी सोडायला लावतात."

मागं आमचं दार हळूच लागल्याचा आवाज आला.

"अरे, मग त्या दिवशी का नाही बोललास?" मी ओरडलो.

"कसं बोलणार, साहेब?" तो म्हणाला. "तुम्ही कधी दम खाता, त्याचीच वाट बघत व्हतो."