रुमालाखालची तीन बोटं

मी अन माझी बायको गोदा, दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते असं: परभणीला जाऊन तीन पिकअप गाड्या बुकिंगला लिवल्या. आमाला एकच पायजे व्हती.

शेळ्या बाजाराला न्यायला गाडी घ्यायचं ठरलं, अन पालमहून एसटीनं निघालो. उन्हात गोदाला भोवळ यायची, म्हणून माझ्या मनात एसीवाली गाडी. पण तसं बोललो न्हाई. (बायकोशी गोड बोलायची आमच्यात सवय न्हाई.) म्हणलं, "एसीवाली घेऊ, गावात जरा वट राहील."

"वट शेळ्या खात्यात का?" गोदा म्हणली.

शोरूममधला टायवाला लय शिकलेला. एकाच गाडीचे तीन प्रकार सांगितले. पहिल्यात नुसती गाडी. दुसऱ्यात काच बटनानं खाली जाते. तिसऱ्यात एसी, गाणी, अन गाडी मागं घेताना मागचं दाखवणारा टीव्ही! वरून इंजिनं दोन, डिझेलचं अन गॅसचं. मला कायबी कळंना, म्हणून मी जोरात मान हलवायलो. गोदा मात्र बैल पारखावा तशी गाडीभवती फिरली. मागचं फळकं उघडून बघितलं, टायरला लाथ मारली.

"गॅस कुठं भरायचा?"

"परभणीत, काकू."

"म्हंजे गॅस भरायला परभणीला यायचं, अन येऊस्तर तो संपायचा. डिझेल लिवा. पहिल्या नंबरची. शेळ्या मागं उन्हात अन मी म्होरं गारव्यात, बरं दिसतं का?"

आता तिच्यादेखत तिसरी कशी मागायची? मला जनावराच्या बाजारातली अक्कल सुचली. तिथं सौदा रुमालाखाली बोटं दाबून व्हतो, शेजारच्याला पत्ता लागत न्हाई. मी खांद्यावरचा रुमाल टायवाल्याच्या हातावर टाकला अन तीन बोटं दाबली. तो दचकला, हात ओढायला लागला. मी सोडतो व्हय! पुन्हा दाबली. डोळाबी मारला.

मग त्याचा चेहरा खुलला. पळत जाऊन त्यानं आतल्या साहेबाला वर्दी दिली की पार्टी मोठी हाय, एकदम तीन गाड्या घ्यायली. साहेब आला, थंडा आला, बुकिंगला तीन गाड्या लिवल्या, गळ्यात हार पडला, फोटो निघाला. एसटीनं आलेल्या माणसाला शेठ म्हणायले! मी हार सरळ केला. (खरं सांगू? बरं वाटायलं व्हतं.)

गोदानं निवांत थंडा संपवला. मग माझ्या गळ्यातला हार काढून टायवाल्याच्या हातात दिला. "ह्यांच्या बोटावर काई लिवू नगा. मला इचारल्याबिगर एकबी गाडी न्हाई."

टायवाल्यानं सगळं खोडलं. पहिल्या नंबरचीबी न लिवताच आमी निघालो.

पालमपर्यंत ती एसटीत हसत आली. घरी शेळ्यांना पाला टाकला, शेजारणीला तीन गाड्यांची गोष्ट सांगितली, हसून हसून भिंतीला टेकली, अन तिथंच तिचा जीव गेला. दिवसबी मावळला नव्हता. एसी कुणासाठी पायजे व्हता, ते सांगायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात तिच्या मातीला आलेले पावणे बसलेले, अन मी टायवाल्याला फोन लावला. म्हणलं, पहिल्या नंबरची लिवा. डिझेल. एसी नगं.

तो म्हणला, "शेठ, काकूंना फोन द्या. त्या हो म्हणल्या की लिहितो."

माझ्या घरात माझ्या शब्दाला काय किंमत हाय, हे एका भेटीत वळखणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला.