जाड बुटांची अक्षरं

आता हे सांगताना मला रडू येतं आणि तुम्ही हसणार, हेही ठाऊक आहे. पण ऐकाच.

आमच्या शाळेत विद्यार्थी प्रतिनिधीची निवडणूक होती. जो निवडून येईल त्याला वर्षभर दारातला फलक लिहायला मिळतो. मला चारचौघांत बोलता येत नाही, पण अक्षरं म्हणजे माझा जीव! तो फलक मला हवाच होता.

पोस्टर मीच केलं. माझं नाव राजराजेश्वरी. एवढं लांब नाव अरुंद कागदावर मोठं कसं बसणार? मग कॉम्प्युटरवर मला ती इंग्रजी अक्षरं सापडली. उंच, अंग चोरून उभी, आणि प्रत्येकाच्या पायात चौकोनी जाड बूट! नाव एका ओळीत बसलं, शिवाय रस्त्यापलीकडून वाचता येत होतं. वर ओळखपत्रावरचा घाबरलेला फोटो लावला. 'मत द्या' असं लिहायची लाज वाटली, ते राहू दिलं. खाली पप्पांचा नंबर टाकला. सोलापुरात नंबरशिवाय बॅनर असतो का?

शाळेजवळच्या रिक्षा स्टॉपवर ते चिकटवलं. असली अक्षरं आधी कुठे पाहिली होती, ते फार उशिरा आठवलं. घोडेस्वारांच्या सिनेमात, फरार माणसाच्या चित्राखाली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर एक रिक्षावाले काका एकदा पोस्टरकडे बघत, एकदा माझ्याकडे.

"तूच न्हवं का ती? घरी रडत असतील की सगळी. चल, बस रिक्षात."

मी एक वाक्य बोलले असते तरी सुटले असते. पण शब्दच फुटेना, उलट डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून त्यांची खात्रीच पटली. शेजारच्या भजीवाल्या मावशींनी, पोरगी कधीची उपाशी असेल म्हणून, हातात गरम भजी ठेवली. मी ती खाल्लीही. भूक लागली होती, काय करणार?

तेवढ्यात कुणीतरी नंबर लावला. पप्पा टॉवेलच्या कारखान्यात. मागांच्या खडखडाटात त्यांना एवढंच ऐकू आलं, की तुमची मुलगी सापडली. घरचा पत्ता ओरडून सांगत ते तसेच धावत सुटले. इकडे आमची रिक्षा दारात पोचली, मागे मोटारसायकलींची रांग. आईने आधी ती गर्दी पाहिली, मग मला.

"अगं, पण तू हरवलीस कधी?"

झालं! त्या धास्तीने आईने मला मतदानाच्या दिवशीही घराबाहेर सोडलं नाही. संध्याकाळी माझी जिवलग मैत्रीण तबस्सुम निकाल सांगायला आली. पल्लवी निवडून आली होती. मला किती मतं पडली, असं मी हळूच विचारलं.

"एक पण नाही गं," ती म्हणाली. "तुझं एक तर तुला पडेलच की, म्हणून मी पल्लवीला दिलं."