मुका कोळसा आणि गुंदची आक्का

आमच्या गुंद गावात आक्का ज्या घरी जाई, तिथे "ये, बस" म्हणायच्या आत त्या घरची खिडकी उघडलेली असे. खोलीत पेटती शेगडी दिसली की काठीने छपराचे एक कौल सरकवायचे, हा तिचा शिरस्ता. पाऊस आला तर भिजणार कोण, याचा विचार तिने जन्मात केला नाही. सुईण म्हणून ती गावाला हवी असे आणि कौलांपायी नकोशी होई. कॅसलरॉककडून एकटीच आली होती. मागचे कुणी विचारले नाही.

बाळंतिणीच्या बाजेखाली कोळशाची शेगडी आणि वारा लागू नये म्हणून फटींत चिंध्या, ही आमच्याकडची रीत. चुलीच्या धुराने डोळे चोळणाऱ्या बायकांना कोळशाचे भारी कौतुक. आक्का म्हणे, "धुराचं लाकूड बरं, खोकायला तरी लावतंय. ह्यो मुका कोळसा गुमान मारतोय."

माझी बायको बाळंत झाली तेव्हा पावसाची झड लागली होती, आणि चिंध्या कोंबण्यात माझ्या आईचा हात धरणारे कुणी नव्हते. तिसऱ्या दिवशी दुपारी बायको म्हणाली, डोके फुटतेय, मळमळतेय. आईने दृष्ट काढली आणि शेगडीत आणखी दोन ओंजळी कोळसे घातले. तेवढ्यात आक्का बाळाला तेल लावायला आली. बायको हाकेला ओ देईना, हे पाहताच ती माझ्यावर खेकसली, "बघत काय ऱ्हायलास? बाज उचल."

आम्ही दोघांनी बाळासकट बाज ओसरीवर आणली. आई कडाडली, "ओल्या बाळंतिणीला वारा घालतीस व्हय गं?"

"वाऱ्यानं फार तर खोकंल. खोकणारी सून चालंल न्हवं तुला?"

बाळ रडले, आणि बऱ्याच वेळाने बायकोने डोळे उघडून पेज मागितली. तेव्हा मलाही रडू फुटले.

आईचा राग मात्र गेला नाही. बारशाला आक्का बोलावल्याशिवाय आली, आणि चिंध्या पुन्हा जागच्या जागी पाहून खिडकीकडे निघाली. आईने तिला अडवले. "दुसऱ्याच्या सुनंवर लई हुकूम चालवतीस. तुझ्या घरात कधी बाळंतीण हुती काय?"

"हुती की. माझी थोरली," आक्का म्हणाली. "आत शेगडी पेटलेली, अन् मी दाराशी बसून शेजारणीला सांगत हुते, हळू बोल बाई, आत्ता कुठं डोळा लागलाय पोरीचा."

आई उठली, आणि स्वतःच्या हाताने फटीतली एकेक चिंधी ओढून काढू लागली.