नाही झालं, फुटाणे घ्या

"नाही झालं. फुटाणे घ्या."

दार वाजायचं. उघडलं की समोर ती. अंगात कंपनीचा निळा शर्ट, हातात कागदाच्या पुड्या. एवढंच बोलून ती पुडी हातात ठेवायची आणि पुढच्या दाराकडे वळायची.

दापोडीच्या आमच्या गल्लीत ती शेजारच्या काकूंच्या घरी तळमजल्यावर भाड्याने राहत होती. परभणीकडची. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कंत्राटावर काम करायची आणि सुटीच्या दिवशी कायमच्या नोकरीसाठी मुलाखती द्यायची. निवड झाली नाही की संध्याकाळी फुटाणे.

पहिल्या खेपेला कुणाला काही कळलं नाही. समोरच्या आजोबांनी पुडी कपाळाला लावली.

"आजोबा, प्रसाद नाही. नापास झालेय मी."

काकू इथल्या जुन्या घरातल्या. हे बघून त्या अस्वस्थ झाल्या. आपलं अपयश असं कुणी वाटत फिरतं का, लोक काय म्हणतील, असं त्यांनी तिला विचारलं.

"झालं की पेढे वाटतोच की काकू. मग नाही झालं तर तोंड लपवायचं का? मुलाखतीला तर मीच गेलते ना."

तिला काही वाटत नसे, असं मात्र समजू नका. निकाल कळला की ती आधी मोरीत शर्ट धूत बसायची. नळ बराच वेळ चालू असायचा. बाहेर यायची तेव्हा डोळे लाल. "रडून घेतलं. आता भूक लागलीय," म्हणत रेल्वे फाटकाजवळच्या फुटाणेवाल्याकडे निघायची.

हळूहळू गल्लीला सवय झाली. बरेच दिवस पुडी आली नाही तर आजोबाच हटकायचे, "काय गं, मुलाखती बंद केल्यास का?"

त्याच सुमारास काकूंच्या थोरल्याचं प्रकरण झालं. तो पोलीस भरतीची तयारी करत होता. मैदानी चाचणीत उत्तम आला. मित्रांना धीर निघेना. त्यांनी कोपऱ्यावर फ्लेक्स लावला. त्यावर गॉगल घातलेला तो आणि खाली 'आमचा वाघ, भावी पोलीस'. मग लेखी परीक्षा झाली आणि वाघ यादीबाहेर राहिला.

काकूंनी सांगितलं, पोरगा मामाकडं गेलाय, तळेगावला. गल्लीने मान डोलावली. वरच्या खोलीतला पंखा दिवसभर फिरत होता, जिन्याखाली त्याच्या चपला होत्या, काकू ताट झाकून वर नेत होत्या. सगळे पाहत होते. कुणी काही बोललं नाही. फ्लेक्स काढायलाही कुणी धजावलं नाही, कारण काढायचा म्हणजे का काढला ते सांगायला हवं. काकूंचंही जेवण कमी झालं होतं. वर नेलेलं ताट निम्मं तसंच परत येतं, हे त्यांनी एकदा माझ्या बायकोजवळ बोलून दाखवलं आणि लगेच जीभ चावली.

अशात पुढच्या मुलाखतीतही तिचं झालं नाही. तिने काकूंच्या हातावर दोन पुड्या ठेवल्या.

"दोन कशाला गं?"

"एक तळेगावची."

पुडी घेऊन काकू जिना चढल्या. ती खाली उभी राहिली आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "माझं परत नाही झालं. तुझं तर एकदाच नाही झालं, भावा. एवढ्यावर कशाला रुबाब करायलास?"

जरा वेळाने वरून फुटाणे चावल्याचा आवाज तेवढा आला.

त्या रविवारी सकाळी तो कोपऱ्यावर शिडी लावून फ्लेक्स सोडवत होता. खाली मित्र जमले. एकाने विचारलं, "तळेगावहून कधी आलास, भावा?"

"आत्ताच."

सगळे हसले. तोही हसला. शिडी नीट धरा, असं वर त्याने दरडावलं. मग तो पुड्या घेऊन दारोदार फिरला. पहिल्या दोन दारांशी पुडी देऊन नुसताच पुढे गेला. आमच्या दारात मात्र स्पष्ट म्हणाला, "नाही झालं, काका."

काकू उंबऱ्यात उभ्या राहून हे बघत होत्या. तो परत आल्यावर म्हणाल्या, "आन आमाला न्हाई व्हय?" शेवटची पुडी त्याने त्यांच्या पदरात रिकामी केली.

पुढे एकदा तिचं झालं. तळेगावच्याच एका कारखान्यात, कायम. तिने पेढे वाटले. आजोबांनी पेढा कपाळाला लावला आणि हा तरी प्रसाद का, असं विचारलं. काकूंनी पेढा खाल्ला, डोळे पुसले आणि फुटाण्यांची चव न्हाई याला, अशी तक्रार केली. आठवड्याभरात ती खोली सोडून गेली.

तिच्या खोलीत आता दुसऱ्या मुली राहतात. फ्लेक्स काकूंच्या गच्चीवर असतो. उन्हाळ्यात त्यावर कुरडया वाळतात. मध्ये गॉगल दिसत राहतो.

थोरला अजून पळायला जातो. या भरतीतही त्याचं थोडक्यात हुकलं. त्या संध्याकाळी मी फाटकाजवळ होतो. तो आला तसं फुटाणेवाल्याने विचारलं, "कुणाचं नाही झालं?"

"माझंच."

फुटाणेवाल्याने प्रत्येक पुडीत एकेक मूठ वाढवली. गल्लीच्या पुड्या थोरल्याने पिशवीत भरल्या. एक मात्र वेगळी ठेवली, शर्टाच्या खिशात.

"ही तळेगावची," मला म्हणाला, आणि स्टेशनच्या जिन्याकडे पळाला.